तुम्ही विचारलंत म्हणून: शांघायला कुठे उतरावं?

"शांघायला चाललोय, हॉटेल कुठल्या भागात घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. कधी चुलत नणंदेच्या शेजाऱ्यांकडून, कधी नवऱ्याच्या जुन्या कंपनीतल्या कुणाकडून. एकदा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी आणि मठ्ठ्याच्या मध्ये. सात वर्षं तिथे संसार केलाय म्हटल्यावर लोक मलाच विचारणार. पण मी उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न विचारते आणि समोरचा जरा हिरमुसतो.

माझा प्रश्न एवढाच असतो: रात्री जेवण झाल्यावर काय करणार?

दिवसाची काळजी मी करत नाही. शांघायच्या मेट्रोचं जाळं ८०० किलोमीटरहून मोठं आहे. सकाळी तुम्ही कुठूनही निघा, पाहायचं ते गाठाल. खरी परीक्षा संध्याकाळी साडेआठला असते. दिवसभरात वीस हजार पावलं झालेली, गुडघे बोलायला लागलेले, खोलीत जाऊन पडायचं तर मन होत नाही आणि पुन्हा मेट्रोत शिरायची तर ताकद नाही. त्या वेळी हॉटेलच्या दारातून बाहेर पडल्यावर समोर कसला रस्ता आहे, त्यावर तुमची सहल ठरते.

आता लोक काय करतात? फोटो बघतात. नदीकाठी उंच इमारतींची रांग, त्यात ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, शेजारी गुलाबी गोळ्यांचा टीव्ही मनोरा. हाच भाग घ्यावा म्हणून लुजियाझुईत खोली ठरवतात. अहो, ज्या इमारती बघायला आलात त्यांच्याच पोटात जाऊन राहिलात तर त्या दिसणार कशा? तो देखावा नदीच्या अलीकडून, म्हणजे बंड नावाच्या पश्चिम काठावरून बघायचा असतो. लुजियाझुई हा कचेऱ्यांचा भाग. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवर जायला जिना चढून गोल पादचारी पुलावरून फिरून यावं लागतं. रात्री मॉल बंद झाले की चालायला उरतं फक्त काचेचं आणि दगडाचं आवार. खिडकीतून दिसणाऱ्या नदीसाठी मोजलेले पैसे मला तरी फुकट गेल्यासारखे वाटतात, कारण दोन युआनच्या फेरीबोटीतून तीच नदी अंगावर वारा घेत बघता येते.

ह्वांगपू नदीच्या पूर्वेला पुडोंग, पश्चिमेला पुशी. जुनं शहर सगळं पुशीत. आणि 'बंड' हा शब्द आपल्याला परका नाही. पुण्याच्या बंडगार्डनमधला बंड आणि शांघायचा बंड एकच, आपल्याकडचा बांध-बंधारा इंग्रजांच्या तोंडी बसून तिकडे गेलेला. चिनी लोक मात्र त्याला 'वायथान' म्हणतात. टॅक्सीवाल्याला बंड म्हणून सांगाल तर तो नुसता तुमच्याकडे बघत राहील. याच काठावर हिरव्या टोकदार छपराचं १९२९ सालचं ससून हाउस आहे, आताचं पीस हॉटेल. पुण्याच्या ससून रुग्णालयाचे आणि मुंबईच्या ससून डॉकचे तेच हे ससून. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूवर आणि कापसावर त्या घराण्याचा पैसा उभा राहिला. तिथे राहणं आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण तळमजल्यावर एक चक्कर जरूर मारा. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारती ज्यांना आवडतात ते तिथून लवकर निघणार नाहीत.

मग बंडलाच लागून, नानजिंग रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला राहावं का? पहिल्यांदा जाणाऱ्यांना, दोनच रात्रींसाठी, मी नको म्हणत नाही. सगळं पायाखाली येतं. पण १ ऑक्टोबरपासूनच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात तिथे राहू नये. गर्दी आवरेना झाली की संध्याकाळी नानजिंग तोंग लू (लू म्हणजे रस्ता) स्टेशनवर गाड्या थांबवतच नाहीत, आणि मग गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर अडकलेल्या माणसासारखी तुमची गत होते. हॉटेल दिसतंय पण पोचता येत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जिंगआन मंदिरापासून खाली शानशी नान लू स्टेशनपर्यंतचा पट्टा. हा जुना फ्रेंच वसाहतीचा भाग आणि त्याच्या कडेचे रस्ते. दोन्ही बाजूंनी चिनार जातीची झाडं, फांद्या रस्त्यावर कमान करून भेटलेल्या. चिनी लोक त्यांना 'फ्रेंच वूथोंग' म्हणतात. रस्ते अरुंद, दुकानं छोटी, घरं तीन-चार मजली. सकाळी कोपऱ्यावर कांद्याच्या पातीची पोळी तव्यावर भाजत असते, तिच्यासाठी रांग. रात्री नऊला पायजम्यात कुत्रं फिरवणाऱ्या आज्या दिसतात, फळवाला दुकान आवरत नसतो, बाकड्यावर दोघे पत्ते खेळत असतात आणि चौघे उभे राहून त्यांना सल्ले देत असतात. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा बंड, मनोरे, बागा सगळं दाखवलं. सांगलीला परतल्यावर त्या सांगत होत्या ते त्या पत्त्यांच्या डावाबद्दल.

शिवाय जिंगआनला मेट्रोच्या २, ७ आणि १४ क्रमांकाच्या तीन लाइनी मिळतात, शानशी नान लूला १, १० आणि १२. दोन लाइनी मिळणाऱ्या स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांच्या आत, एवढं पाळलं तर निम्मी लढाई जिंकली. स्टेशनाचं नावच बघून थांबू नका, एक्झिट नंबरही विचारून घ्या. रनमिन क्वांगछांगसारख्या (पीपल्स स्क्वेअर) स्टेशनात चुकीच्या एक्झिटने वर आलात की पंधरा मिनिटं सामान ओढत फिरावं लागतं. मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात, त्यामुळे तीन मोठ्या बॅगा असतील तर पहिल्या दिवशी टॅक्सीच बरी. पुडोंग विमानतळावरून २ नंबरची लाइन थेट शहरात येते खरी, पण बोरिवलीहून स्लो लोकलने चर्चगेटला यावं तेवढा वेळ घेते. मॅगलेव्हमध्ये, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या गाडीत, मौजेसाठी बसा, ३० किलोमीटर सात-आठ मिनिटांत. मात्र ती लोंगयांग लूला आणून सोडते. तिथून पुढे मेट्रो आहेच.

पत्त्याच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा बंडचा रस्ता झोंगशान रस्ता आहे एवढं वाचलं होतं. झोंगशान रोडवरचं स्वस्त हॉटेल दिसलं, मी खूश. टॅक्सीने उतरवलं तिथे डोक्यावर उड्डाणपूल, समोर टायरचं दुकान, आणि नदीचा पत्ता नाही. झालं होतं असं की झोंगशान हे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्सेन यांचं नाव, आणि त्या नावाचा रस्ता जुन्या शहराला जवळजवळ वळसाच घालतो. बंड म्हणजे झोंगशान तोंग यी लू. मी उतरले होते झोंगशान बेई लूवर, शहराच्या पार वायव्येला. तेव्हापासून पाच अक्षरं पाठ केली: तोंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर, झोंग मधला. रस्त्याच्या नावातलं हे शेपूट वाचल्याशिवाय पैसे भरू नका. बंडच्या मागच्या भागात आणखी एक सोय आहे: दक्षिणोत्तर जाणारे बहुतेक रस्ते प्रांतांच्या नावाचे, सिचुआन, हेनान, झेजियांग; आणि पूर्व-पश्चिम जाणारे शहरांच्या, नानजिंग, बेजिंग, फूझोऊ. एकदा डोक्यात बसलं की हरवायला होत नाही.

गूगलच्या नकाशावर विसंबू नका. तो तिथे सरळ उघडत नाही, आणि चीनमधल्या नकाशांची मोजणी वेगळी असल्याने हॉटेलची खूण काही शे मीटर सरकलेली असू शकते. हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत फोनमध्ये ठेवा.

प्रदर्शनाला जाणाऱ्या उद्योजकांसाठी वेगळं सांगायला हवं. शांघायला दोन मोठी प्रदर्शन केंद्रं आहेत: एक पुडोंगमध्ये लोंगयांग लूजवळ, दुसरं पार पश्चिमेला होंगछाओ रेल्वे स्टेशनाच्या पलीकडे. आमच्या ओळखीच्या, चाकणला वर्कशॉप असलेल्या एका गृहस्थांनी 'एक्झिबिशन सेंटरला चालत पाच मिनिटं' असं बघून खोली घेतली ती दुसऱ्याच केंद्राजवळ. चार दिवस रोज शहर आडवं कापत गेले. इवूला माल बघायला जाणाऱ्यांनी किंवा सुझोऊ, हांगझोऊ करणाऱ्यांनी मात्र होंगछाओकडे झुकतं माप द्यावं, तिकडच्या बहुतेक जलद गाड्या तिथून सुटतात.

आता खोली. चीनमध्ये बिनखिडकीची खोली राजरोस विकली जाते. 'वू छुआंग' म्हणजे खिडकी नाही. ते निदान प्रामाणिक आहे. खरा चकवा 'नेई छुआंग'चा, म्हणजे आतली खिडकी. माझ्या दिराने ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. पडदा सरकवला तर खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडत होती, आणि पलीकडून सफाईची बाई त्याच्याकडे तितक्याच आश्चर्याने बघत होती. आठवडाभर त्याला बाहेर पाऊस आहे की ऊन, हे फोनवर बघावं लागलं. जून-जुलैत तिथे 'मेईयू'चा चिकट पाऊस असतो. त्या दिवसांत अशा खोलीत टॉवेलसुद्धा वाळत नाही.

'ता छुआंग' एक मोठा पलंग, 'श्वांग छुआंग' दोन वेगळे (हा छुआंग पलंगाचा, खिडकीचा शब्द वेगळा). मैत्रिणी मिळून जात असाल तर हा फरक आधी बघा. गादी बहुतेक ठिकाणी कडक असते, दगडापेक्षा वीट मऊ इतपतच. आमच्या पिढीच्या पाठींना ती मानवते. २०१९च्या जुलैपासून शांघायमधली हॉटेलं ब्रश, कंगवा, रेझर आपणहून ठेवत नाहीत, कचरा कमी करण्याचा नियम आहे. मागितलं की देतात. किटली मात्र खोलीत हमखास असते. चहा-पावडर आणि दूध-पावडर घरून न्या, तिथल्या चहात दूध शोधणं सोडून द्या.

"एखाद्याच्या घरी किंवा फ्लॅटवर राहिलो तर?" राहा, पण परदेशी माणसाची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ते काउंटरवरच पासपोर्ट घेऊन करून टाकतं. घरी उतरलात तर ती तुम्ही किंवा यजमानाने करायची. पूर्वी लहान हॉटेलं परदेशी माणसाला सरळ नाही म्हणायची. २०२४मध्ये सरकारने असं नाकारू नका म्हणून बजावलं, पण आडबाजूच्या हॉटेलातल्या पोराला पासपोर्टची नोंद कशी करायची हे ठाऊक नसतं आणि तुमचा तास जातो. ठरावीक साखळीतलं मध्यम हॉटेल घेतलं की ही कटकट होत नाही.

शाकाहाऱ्यांनी केवळ जेवणापायी भारतीय हॉटेलच्या शेजारी खोली घेऊ नये, असं माझं मत आहे. 'वो छ्र सू', मी शाकाहारी, एवढं लिहून घ्या. १९२२पासून चालत आलेलं गोंगदेलिन हे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी उपाहारगृह नानजिंगच्या पश्चिम रस्त्यावर आहे, आणि जिंगआनहून ते दूर नाही. तिथलं नकली बदक बघून माझी आई उठून जायला निघाली होती, ते सोयाबीनचं आहे हे पटवायला दहा मिनिटं लागली.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर लोक म्हणतात, "ते सगळं ठीक हो, पण एका हॉटेलचं नाव सांगा ना." नाव मी पूर्वी सांगायचे. शानशी नान लूच्या एका गल्लीत, चार मजल्यांचं, लाकडी जिन्याचं, खाली म्हातारा मालक मांजर घेऊन बसलेला. अकरा कुटुंबं पाठवली मी तिथे. बाराव्या कुटुंबाने पत्त्यावर उभं राहून मला फोटो पाठवला. तिथे आता बोबा चहाचं दुकान आहे, आणि त्यांनी दोन कप घेतले होते.