वाइंडिंगमध्ये फायबर प्रोब बसवण्याचा माझा अनुभव

ट्रान्सफॉर्मरवरचा नेहमीचा वाइंडिंग टेम्परेचर इंडिकेटर वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या कॉइलचं, तापमान थेट मोजत नाही. तो वरच्या तेलाचं तापमान घेतो, सीटीच्या (लोडचा करंट मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) करंटवर चालणाऱ्या छोट्या हीटरने त्यात भर घालतो आणि अंदाज दाखवतो. पण कंडक्टरवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेल्या कागदाचं आयुष्य ठरतं ते हॉटस्पॉटवर, म्हणजे वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागेवर. साधा क्राफ्ट कागद ९८ अंशांच्या वर गेला की दर ६ अंशांना त्याच्या झिजेचा वेग दुप्पट होतो. म्हणून आमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फायबर ऑप्टिक प्रोब घालायचे ठरले आणि काम माझ्याकडे आलं.

प्रोब म्हणजे बारीक काचेच्या फायबरच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा इवलासा क्रिस्टल. पांढरा प्रकाश आत जातो, त्यातला कोणता भाग क्रिस्टल शोषून घेतो ते तापमानाप्रमाणे सरकतं, आणि परत आलेल्या प्रकाशावरून इन्स्ट्रुमेंट आकडा काढतं. धातू कुठेच नाही, त्यामुळे हाय व्होल्टेजच्या कॉइलमध्येही चालतो. वरचं टेफ्लॉनचं आवरण सर्पिल कापलेलं असतं. तेल आत शिरलं पाहिजे. हवेचा बुडबुडा अडकला तर तिथेच पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशन पोखरणाऱ्या बारीक ठिणग्या, सुरू होतो.

जागा डिझाइनवाल्यांनी दिली होती, वरच्या टोकाच्या डिस्कमध्ये (डिस्क म्हणजे कॉइलमध्ये एकावर एक रचलेली कंडक्टरची चपटी वेटोळी). तिथे तेल सर्वांत गरम, शिवाय लीकेज फ्लक्स (कोअरबाहेर निसटलेलं चुंबकीय क्षेत्र) टोकाला वळतो आणि एडी लॉस (त्यामुळे कंडक्टरमध्ये फिरणाऱ्या करंटची उष्णता) वाढतो. नेमकी डिस्क आणि डिस्कमधली फट राखणारा नेमका स्पेसर कोणता, हे मी ड्रॉइंगवर लिहून घेतलं. चुकीच्या जागेचा आकडाही दिसायला अगदी बरोबरच दिसतो.

डिस्कमधल्या प्रेसबोर्डच्या (दाबलेल्या कडक पुठ्ठ्याच्या) स्पेसरला खाच पाडून त्यात प्रोब बसतो. खाच उथळ झाली तर प्रेसिंगचा, म्हणजे कॉइल दाबून घट्ट करतानाचा, भार फायबरवर येतो. फार खोल झाली तर प्रोब कंडक्टरच्या कागदापासून दूर राहतो. एलव्हीचं (लो व्होल्टेज वाइंडिंगचं) काम आधी, कारण नंतर त्यावर एचव्ही (हाय व्होल्टेज वाइंडिंग) चढते. आमच्या वाइंडिंगच्या काकांनी लाकडी पाचरीने डिस्क जराशा उघडल्या आणि म्हणाले, "साहेब, आधी रिकामा स्पेसर सरकवून बघू." तो सरळ गेला, मग प्रोबचा. इन्स्ट्रुमेंट चालूच होतं; स्पेसर आत सरकताना मी सिग्नल बघत होतो.

खरं अवघड काम पुढे आहे: फायबर कॉइलमधून बाहेर काढून टँकपर्यंत नेणं. प्रेसबोर्डच्या पट्टीवरून, सुती टेपने सैल बांधत, कुठेही तीव्र वळण न देता. ओव्हनमध्ये वाळताना कॉइलची उंची कमी होते, म्हणून ताण देऊन बांधलेला फायबर तुटतो. उरलेली लांबी गुंडाळून, कनेक्टरला टोप्या घालून वरच्या फ्रेमला बांधली.

सगळ्यात जास्त भीती ओव्हननंतरची. वाळलेलं इन्सुलेशन हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे क्लॅम्प आवळण्यापासून जॉब (कोअर आणि कॉइलचा सगळा जोड) टँकमध्ये उतरेपर्यंत सगळे घाईत असतात. पान्हा, साखळी, बूट, कशानेही फायबर जाऊ शकतो. त्या वेळी मी एका माणसाला फक्त फायबरवर लक्ष ठेवायला उभं केलं, आणि हे प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे. प्रेसिंगनंतर एलव्हीचा एक प्रोब गप्प झालाच. महत्त्वाच्या जागी दोन-दोन घातले होते, म्हणून जोडीदाराने भागलं.

टँकच्या भिंतीवरच्या फीडथ्रूला (सिग्नल भिंतीपार नेणाऱ्या सीलबंद जोडाला) फायबर आतून जोडायचे, तेही इन्स्पेक्शन कव्हरमधून हात घालून. कनेक्टरचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय जोडू नये; तेलाचा डाग पुरतो सिग्नल मंदावायला. तेल भरल्यावर पुन्हा सगळे चॅनेल तपासले आणि फीडथ्रूची गळती बघितली.

हीट रनमध्ये (तापमानवाढ मोजायच्या टेस्टमध्ये) करंट वाढवला तसे प्रोब काही मिनिटांतच चढू लागले. वरचं तेल तेव्हा जेमतेम हललं होतं. शेवटी हॉटस्पॉटची वाढ आयईसी ६००७६-२ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या ७८ केल्विनच्या मर्यादेच्या आत राहिली. कुठला चॅनेल कुठल्या फेजच्या कुठल्या डिस्कमध्ये आहे, कुठला बंद आहे, तो तक्ता टेस्ट रिपोर्टला जोडला आणि एक प्रत मार्शलिंग बॉक्सच्या (ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या कंट्रोल वायरिंगच्या पेटीच्या) दारावर आतून लावली.