गाडीचं मिसिंग घरीच शोधलं: माझा अनुभव

सकाळी गाडी अगदी लोण्यासारखी चालायची. दुपारी मात्र नागपुरात वर्धा रोडला सिग्नलवर थांबलो की स्टेअरिंग थरथरायचं, आरपीएमचा काटा खालीवर नाचायचा आणि ओव्हरटेकसाठी रेस दिली की झटके. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही. गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बरीच चाललेली. मे महिना, पारा ४५च्या आसपास. पेट्रोलमध्ये पाणी असेल, एसीचा लोड असेल, असं भेटेल तो सांगत होता. पण उड्डाणपुलाच्या चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा मी ते अंदाज बाजूला ठेवले.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत हवा. दिवा नुसता लागून राहिला तर दाखवायला थोडा वेळ असतो. लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं वाढलेलं असतं की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. तो पार्ट कॉइलच्या, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या पार्टच्या, कितीतरी पट महाग. म्हणून रेस सोडायची आणि गाडी हळूहळू घरी आणायची.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. बोनेट उघडून जरा वेळ आवाज ऐकला आणि एस्टिमेट हातात ठेवलं: चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. नेमका कोणता सिलिंडर मिस होतोय, असं विचारलं तर उत्तर आलं, "सगळंच बदलून टाका नं भाऊ, टेन्शनच नाही." मला ते पटलं नाही. अंदाजाने पार्ट बदलत जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि पैसे तर आपलेच जातात.

आमच्या शेजारचे काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून रिटायर झालेले. त्यांचा जन्म डिझेलवर गेला, पण डोकं तेच लागतं. मी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मागवला, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाइलवर कोड आला: पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर. पी०३०० आला असता तर मिसिंग एका ठिकाणी नाही, असा अर्थ झाला असता. मग हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर अशा सगळ्यांना मिळून असणाऱ्या गोष्टी आधी पाहाव्या लागल्या असत्या. काकांनी स्क्रीन पाहिली अन् म्हणाले, "हे पाय, कोड सिलिंडर सांगते, बिमारी नाही सांगत. ते आपल्याले शोधा लागते."

कोड असा तयार होतो: प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, एक ढकला मिळतो. क्रँक सेन्सरला एखाद्या ढकल्याच्या वेळी फिरणं मंदावलेलं दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरचं नाव लिहून ठेवतो. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं, हे त्याला ठाऊक नसतं.

पहाटे इंजिन पूर्ण गार असताना कामाला लागलो. चेनच्या बाजूने मोजत दोन नंबरची कॉइल शोधली. कॉइलच्या कनेक्टरचं प्लास्टिक उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ होतं, म्हणून लॉक अंगठ्याने पूर्ण दाबूनच कनेक्टर ओढला. दहाचा बोल्ट काढून कॉइल जराशी फिरवत वर घेतली, आणि तिचा रबरी बूट काळ्या ऑइलने ओला निघाला. पुसून उजेडात धरला तर टोकाकडे रबर मऊ पडून फुगलेलं, बाजूने एक बारीक करडी रेघ वरून खाली गेलेली. ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेने बाहेरच्या बाहेर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या धातूच्या भागात, उतरत होती. टॉर्च मारला तर प्लगच्या होलमध्येही ऑइल साचलेलं.

इथे घाई करून चालत नाही. ऑइल तसंच ठेवून प्लग खोलला तर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. सिरिंजला पातळ नळी लावून ओढून घेतलं, उरलेलं काडीला कापड गुंडाळून टिपलं, मगच प्लग काढला. पोर्सिलिन अखंड, टोक थोडं काळसर, टोकाची फट (गॅप) फीलर गेजने मोजली तर बरोबर. प्लग परत बसवला, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसला आणि दुपारची वाट पाहिली, कारण कॉइल तापल्यावरच दगा देत होती. छत्रपती चौकापासून विमानतळाकडे जरा फिरवली आणि कोड आला पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता. तो दोनवरच राहिला असता तर पुढे प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन तपासलं असतं. पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर असतं, त्यामुळे इंजेक्टर खोलायचं काम मी घरी केलं नसतं.

काका म्हणाले, "कॉइल बदलशील अन् ऑइल तसंच ठेवशील, तं नवीही जाईन." होलभोवतीचे सील टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, असतात. ते कडक झाले की ऑइल आत झिरपतं. घाट रोडवरच्या पार्टच्या दुकानात जुनी कॉइल सोबत नेली, पार्ट नंबर जुळवून एकच नवी घेतली, कव्हरचं गॅस्केट आणि सील घेतले.

कव्हर काढताना बोल्ट जसे निघाले तसे पुठ्ठ्यावर खोचत गेलो. जुनं गॅस्केट बोटांत कडकन तुटत होतं. खोबणी कापडाने पुसली, धातूने खरवडली नाही. चेन कव्हर हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांवर सीलंटचा थेंब देऊन कव्हर बसवलं आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळले. ते लहान बोल्ट असतात, जोर लावला की हेडमधले आटे जातात. खोललेल्या प्लगच्या जागी नवा प्लग टाकला. तो आधी हातानेच फिरवत नेला, वॉशर टेकल्यावर गोटी पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा.

त्या आठवड्यात भर दुपारी एसी लावून बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. स्कॅनरवर चारही सिलिंडरचं मिसिंग शून्य. नंतर दोन नंबरची कॉइल पुन्हा उचलून पाहिली, होल कोरडं होतं. बाकीच्या तीन कॉइल जुन्याच आहेत, छान चालताहेत.