कोणता जयनाम संवत्सर?

वाडा पाडायचा ठरला की घरच्यांना त्याचा इतिहास आठवतो, आणि मला फोन येतो. पुण्याच्या पेठांमधल्या घरांचे जुने कागद वाचायचे, तिथं कोण कधी राहिलं ते लावायचं आणि चार पानांचं टिपण द्यायचं, हे माझं काम. प्रॉपर्टी कार्ड, कर आकारणीचे उतारे, खरेदीखतं यांच्या आधारे शंभरेक वर्षं मागं जाता येतं. त्यापलीकडे मोडी.

शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात काकांनी दारातच सांगून टाकलं, "ताई, वाडा पेशव्यांनी आमच्या मूळ पुरुषाला इनाम दिलेला. तेवढं फक्त कागदावर आणा." इनामाची गोष्ट मला दर तिसऱ्या वाड्यात ऐकायला मिळते. एवढी घरं इनाम दिली असती तर पेशव्यांना स्वतःला राहायला जागा उरली नसती.

कागद पत्र्याच्या ट्रंकेत होते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ट्रंक तळमजल्यावर होती. वरचे कागद पापडासारखे एकमेकांना चिकटलेले. तळाशी फडक्यात बांधलेला एकच मोडी कागद बरा निघाला. तो इनामपत्र नव्हता, खरेदीखत होतं. काकांना मी लगेच काही बोलले नाही.

जुन्या खतांत घराला नंबर नसतो. चारी बाजूंना कोण आहे ते लिहितात, म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस तांबटाचे घर, दक्षिणेस बोळ, आणि आडाचा निमे हिस्सा घरासोबत. बोळ आजही तिथेच आहे. आड दोन घरांच्या सामाईक भिंतीखाली, अर्धा इकडे अर्धा तिकडे. जागा पटली.

अडलं ते सालावर. पहिल्या ओळीची सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडचे कोपरे पाण्यानं खाल्लेले. शक गेला, तिथी आणि वार गेले, शिक्का असलाच तर तोही गेला. मधे उरलं होतं फक्त 'जयनाम संवत्सरे भाद्रपद शुद्ध'. तिथी-वार असते तर जंत्री, म्हणजे जुन्या तिथींच्या इंग्रजी तारखा देणारं कोष्टक, काढून ताडून पाहता आलं असतं. नुसता संवत्सर म्हणजे पंचाईत, कारण तो साठ वर्षांनी फिरून येतो. जय संवत्सर शके 1696 चा, 1756 चा आणि 1816 चाही. म्हणजे 1774, 1834 किंवा 1894.

"1774! बारभाईंचा काळ!" काका खूश झाले. इनाम नसलं तरी पेशवाई हाताशी आली होती.

अक्षर बघून मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे कबूल करते. वळण जुनं, बोरूचा हात सफाईदार. पण जुन्या हाताचा कारकून उतारवयातही तसंच लिहितो, त्यामुळे अक्षरावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. कागद मात्र बोटांना खटकत होता. पेशवाईतल्या जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचा हाताला लागणारा पोत त्याला नव्हता. खिडकीशी नेला, उन्हासमोर धरला. बारीक समांतर रेघा दिसल्या, आणि त्यांच्यात फिकट, उलटे आकडे. कागद पालथा केला. एक, आठ, तीन. चौथा आकडा घडीत गेला होता.

विलायती कागद, वॉटरमार्क 183 आणि पुढे काहीतरी. म्हणजे 1774 बाद. आणि साठ वर्षं जुना कोरा कागद राखून 1894 मध्ये कोणी खत लिहील, हे पटत नाही. उरलं 1834. पेशवाई संपून सोळा वर्षं झाली होती.

"म्हणजे वाडा पेशवेकालीन नाही?"

"वाडा असेलही, काका. खतात 'जुने घर' असंच लिहिलंय. तुम्ही मात्र त्यात 1834 ला आलात."

काका गप्प बसले. मग हळूच, "रिपोर्टात खरेदीचं लिहायलाच हवं का?" मी हो म्हटलं. चहा आला, तो कोणी धड प्यायलं नाही.

इतका वेळ झोपाळ्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "मग आमच्या आधी कोण होतं गं?"

घर विकलं होतं एका कासाराच्या विधवेनं. नवऱ्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, त्याआधी 'कोम', म्हणजे बायको. आणि 'कोम'च्या आधी जिथं तिचं नाव असायला हवं, तिथं नेमकी घडी फाटलेली. मी भिंग लावून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. एक काना आणि शेवटचं 'ई', एवढंच हाती लागलं.

शेवटी कागद आजींपुढे धरला. सगळ्यात खाली, साक्षीदारांच्या वर, बोरूनं काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ होतं, शेजारी लेखकाच्या हातचं 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणाऱ्या बाईची सही अशी करत. वर्तुळ पुरतं जुळलेलं नव्हतं, शेवटाला शाईचा ठिपका पडला होता.

आजींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "हात थरथरला असेल," त्या म्हणाल्या, आणि कागद परत फडक्यात बांधायला त्यांनी स्वतःच घेतला.