निर्णय कुणाचा, तारीख कोणती?

आपल्या शाळेच्या वादविवाद मंडळात ‘पाश्चात्त्य इतिहासातली सर्वांत मोठी घोडचूक’ हा विषय दर काही वर्षांनी फिरून येतो. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ असतील. मला यंदाच्या संघाच्या टिपणवहीत भर घालायची आहे.

‘पहिलं महायुद्ध हीच घोडचूक’ असं म्हणून वक्ता मोकळा होतो आणि बाजी तिथेच हातची जाते. युद्ध हा परिणाम झाला. चूक म्हणजे निर्णय, आणि तो ठरावीक माणसाने ठरावीक तारखेला घेतलेला असतो. त्या घटकेला त्याच्यापुढे दुसरी वाटही मोकळी असावी लागते. माणूस, तारीख, निर्णय आणि सोडलेली वाट हे चारही एका वाक्यात बसत नसतील, तर तो मुद्दा टिपणातून काढून टाका. ‘रोमचं पतन’ इथेच गळतं. कित्येक पिढ्यांच्या घसरणीला ४७६ हे एकच साल चिकटवलं, की प्रतिपक्षाला खंडनाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

माझं ठाम मत असं, की खरी घोडचूक गाजलेल्या दिवसाच्या बरीच आधी, हिशेबाच्या कागदावर झालेली असते. चौथं धर्मयुद्ध घ्या. १२०१मध्ये धर्मयोद्ध्यांच्या दूतांनी व्हेनिसशी ३३,५०० माणसांच्या जहाजवाहतुकीचा करार केला. किंमत ठरली ८५,००० मार्क चांदी, आणि इतकी माणसं येतील याची हमी कुणाकडेच नव्हती. आली जेमतेम एक तृतीयांश. ३४,००० मार्क अंगावर राहिले. त्या देण्यापायी आधी जारा हे ख्रिस्ती शहर पडलं आणि एप्रिल १२०४मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं. येणाऱ्या डोक्यांप्रमाणे भाडं ठरवणं, ही सोडलेली वाट.

पण स्पर्धेसाठी मी १९१४च निवडेन, कारण तिथे तासातासाचे कागद हाती आहेत. मोठ्या कागदावर २८ जून (सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या) ते ४ ऑगस्ट (ब्रिटन युद्धात उतरला तो दिवस) असा तक्ता आखा आणि प्रत्येक तारेपुढे दोन रकाने ठेवा: पाठवल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. हा दुसरा रकाना मुलं गाळतात, आणि मग सगळ्यांना सगळं एकदमच कळत होतं असं वाटू लागतं. १ ऑगस्टला लंडनहून जर्मन राजदूत लिखनोव्स्की यांची तार सकाळी निघाली. फ्रान्सला हात लावला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील, असा तिचा अर्थ लागत होता. बर्लिनमध्ये ती वाचली जाईपर्यंत सैन्य जमवण्याच्या हुकमावर सही झाली होती. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने लष्करप्रमुख मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही.

का शक्य नाही, हे नीट समजावून सांगा, कारण वादाचा गाभा हाच आहे. एका कोअरला, म्हणजे हजारो सैनिकांच्या एका मोठ्या तुकडीला, सुमारे १४० आगगाड्या लागत. २ ते १८ ऑगस्ट या काळात कलोनच्या एकाच ऱ्हाइन-पुलावरून २,१५० गाड्या गेल्या, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांना एक. असं वेळापत्रक एका रात्रीत फिरवलं तर दारूगोळा एका स्थानकात आणि तोफा दुसऱ्या, अशी गत होते. पूर्वी जर्मनीत पूर्व आघाडीची वेगळी योजना दरवर्षी सुधारून ठेवत. १९१३मध्ये मोल्टकेने ते काम थांबवलं, आणि उरली ती बेल्जियममार्गे फ्रान्सवर चालून जाण्याची एकच योजना. माझ्या लेखी घोडचूक ती. तिला ना तोफांचा आवाज, ना सारायेव्होतल्या गोळ्यांचा.

प्रतिपक्ष म्हणेल, लिखनोव्स्कींची तार गैरसमजातून आली होती आणि त्याच रात्री राजा पाचव्या जॉर्जच्या तारेने ते स्पष्ट झालं. हे आधी मान्य करा, लपवू नका. मग विचारा: पूर्वेचं वेळापत्रक कपाटात तयार असतं, तर ४ ऑगस्टला बेल्जियममध्ये शिरण्याची सक्ती उरली असती का? आणि बेल्जियम वाचला असता, तर ब्रिटनच्या मंत्रिमंडळाला जवळजवळ एकमुखाने युद्धात ओढणारं कारण कोणतं राहिलं असतं? इथे ठाम उत्तर नाही, पण पुराव्याचा भार दुसऱ्या बाजूवर जातो.

‘याच्याशी आपला काय संबंध?’ असं एखादा परीक्षक विचारतोच. तेव्हा आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराचं नाव घ्या. ब्रिटन युद्धात उतरला आणि त्याच्यामागे हिंदी सैन्यही ओढलं गेलं. टायग्रिस नदीकाठच्या त्या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ११०वी मराठा पलटण अडकली होती. घोडे कापून खाण्याची वेळ आल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली.