घरभरणी न झालेला वाडा

जुना वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब वखारीत जातात आणि काही वर्षांनी एखाद्या हॉटेलात ऐटीत उभे राहतात. लंडनच्या केन्सिंग्टन हाऊसचंही तसंच झालं. फक्त त्या घरात मालक एक रात्रही राहिला नव्हता.

मालक म्हणजे अल्बर्ट ग्रँट. जन्म डब्लिनचा, मूळ नाव अब्राहम गोथहायमर. कंपन्या काढायच्या आणि शेअर खपवायचे, हा धंदा. 1871 मध्ये अमेरिकेतल्या यूटामधल्या एमा नावाच्या चांदीच्या खाणीचे शेअर त्यानं लोकांच्या गळ्यात मारले आणि खाण लवकरच आटली. 'बॅरन' ही पदवी इटलीच्या राजानं दिलेली. अशा माणसाला घर बांधायचं होतं, तेही थेट केन्सिंग्टन राजवाड्यासमोर! मागे गरीब आयरिश मजुरांची वस्ती होती. शेकडो माणसं दाटीवाटीनं राहत होती; ती उठवली. मला संगमरवरापेक्षा हीच गोष्ट जास्त टोचते.

जेम्स नोल्स यांनी आराखडा केला. चित्रांचं दालन, बागेत तळं, आणि संगमरवरी जिना. घर पुरं होईतो ग्रँटचे ग्रह फिरले होते. बडा घर, पोकळ वासा! नाचाची एक मोठी मेजवानी काय ती तिथे झाली. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून 1883 च्या सुमारास सगळं पाडून सामान विकलं. फाटक गेलं सँडाउन पार्क रेसकोर्सला. जिना मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयानं उचलला, मेरिलबोन रोडवरच्या नव्या इमारतीसाठी. पाहुण्यांची वाट बघून थकलेल्या त्या पायऱ्यांवर तिकीट काढलेल्या लोकांची रांग लागली, वर मेणाचे राजे बघायला. 1925 मध्ये त्या इमारतीलाही आग लागली.

गंमत म्हणजे याच माणसानं 1874 मध्ये उकिरडा झालेला लंडनचा लेस्टर स्क्वेअर हा चौक विकत घेऊन, बाग करून लोकांना देऊन टाकला होता. तिथल्या शेक्सपिअरच्या पुतळ्याखाली ग्रँटचं नाव अजून कोरलेलं आहे.

वाड्याच्या जागेवर केन्सिंग्टन कोर्टची लाल विटांची घरं उभी राहिली. त्यांना 1880 च्या दशकातच घरपोच वीज मिळाली, तीही तिथल्या तिथे तयार केलेली. केंद्र उभारलं क्रॉम्प्टन यांनी. हो, आपल्या छताच्या पंख्यावर ज्यांचं नाव असतं, तेच.