गावखडी ते कशेळी: पाखाडीवर दरड आली तेव्हा

पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे असा दोन दिवसांचा पायी बेत होता. मागच्या जुलैचा शेवटचा आठवडा, आम्ही चौघे. रत्नागिरीहून पावसमार्गे एसटीने पूर्णगडला उतरलो, किल्ला पाहिला, मुचकुंदीवरचा पूल ओलांडून गावखडीत एका घरी मुक्काम केला. पहिल्या दिवसाबद्दल एवढंच सांगतो की किल्ल्यातला दगड शेवाळलेला असतो, बूट चांगल्या पकडीचे घाला.

तीन दिवस धो धो कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. निघताना घरातल्या काकी म्हणाल्या, "वरच्या झऱ्याचं पानी कालपास्नं लाल येतंय. पाखाडीनं जाव नका, सड्यावरनं जावा." पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, सडा म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. सड्यावरून पाऊण तास जास्त लागतो. आम्ही मान डोलावली आणि पाखाडीनेच निघालो. पाऊस थांबला होता, त्यामुळे आता भीती कसली, असं मलाच वाटलं होतं. वाट मी ठरवली होती, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे येतं.

पाऊस थांबला म्हणून डोंगर थांबत नाही. वरचा जांभा सच्छिद्र, पाणी आत झिरपू देणारा. त्याच्याखाली मऊ चिकणमातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं, दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. हे वर ऊन पडल्यावरही चालूच असतं. झऱ्याचं पाणी अचानक लाल होणं किंवा आटणं, उतारावर नवी भेग, कललेली झाडं, गडग्याला, म्हणजे रचलेल्या दगडांच्या बांधाला, आलेला फुगवटा ही सगळी डोंगर सरकू लागल्याची चिन्हं. त्या वाटेवर एक गडगा पोट काढून उभा होता. आम्ही त्याच्याच खाली थांबून समुद्राचे फोटो काढले.

आधी झाडं मोडल्यासारखा आवाज आला. दोघे पुढे पळाले, मी मागे. चौथा छातीपर्यंत मातीत. त्याचं तोंड मोकळं होतं, पण छाती फुगवायला जागा नव्हती.

मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे. हिमस्खलनाचा धोका असलेला उतार एकेकाने, अंतर ठेवून ओलांडायचा, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, सॅकचे पट्टे सैल करायचे, मध्ये थांबायचं नाही, हे मला पाठ होतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात गेले, तेव्हा आम्ही चौघे कित्येक दिवस त्यावरच बोलत होतो. २०२१ ची तळियेची दरड, २०२३ ची इर्शाळवाडीची दरड मात्र आम्ही गावांवरची संकटं म्हणून वाचली. त्याच डोंगरांतून आपण पावसाळाभर फिरतो, हे मनात आलंच नाही. हिमालयातले नियम आम्ही हिमालयातच ठेवून आलो होतो.

बर्फात पूर्ण गाडलेल्या माणसाकडे जेमतेम १५ मिनिटं असतात, त्यामुळे त्याला वाचवतात ते सोबतचेच. इथेही तसंच झालं. एकाला बाजूला उभं करून फक्त वर बघायला लावलं, म्हणून आठ-दहा मिनिटांनी दुसरा लोंढा आला तेव्हा आम्ही वेळेत हटलो. आधी छाती मोकळी केली, ताटल्यांनी आणि हातांनी. त्याला ओढू नका, हे कळकळीने सांगतो. पाय कुठे अडकलाय ते दिसत नसतं. वाडीतले लोक कुदळी, फावडी, घमेली घेऊन धावत आले नसते तर आम्हाला ते जमलं नसतं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला. नडगी मोडलेली, खांदा निखळलेला. खुर्चीला बांबू बांधून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. खाली रेंज नव्हती, एक मुलगा सड्यावर धावत गेला तेव्हा १०८ ला फोन लागला.

या वाटेने जाणार असाल तर आदल्या तीन दिवसांचा पाऊस बघा, फक्त त्या दिवसाचा नको. एका दिवसात ११५.६ मिमीच्या वर पडला असेल तर हवामान खात्याच्या मोजणीत तो अतिमुसळधार; त्यानंतर दोन दिवस तरी उताराखालची वाट मी धरणार नाही. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर घरीच थांबा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. एक शिट्टी, एक छोटं घडीचं फावडं आणि लांब दोरी चौघांत मिळून काहीच वजन नाही. आणि ज्या घरी राहाल तिथे वाटेबद्दल विचारा, विचारल्यावर ऐका.

यंदा जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो, मित्रही काठी घेऊन आला. आधी काकींच्या पाया पडलो, मग सड्यावरून निघालो. ही वाट उघड्यावरची आहे, विजा चमकत असतील तर तीही नको, डांबरी रस्ता धरा. कशेळीच्या कनकादित्य मंदिरापर्यंत आम्हाला पिण्याचं पाणी कुठेच मिळालं नाही, माणशी दोन लिटर घेऊन निघा.