वहीच्या समासातील पट्टी

कोजागरीला सुरू झालेला पहाटेचा काकडा त्रिपुरी पौर्णिमेला दहीकाल्याने संपतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वाईतील आमच्या आळीच्या विठ्ठलमंदिरात महिला भजनी मंडळाचे वार्षिक भजन असते. 1991 साली आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा नऊ जणी होतो. पेटी वाजवणाऱ्या काकूंनी त्या दिवशी घातलेला नियम आजही पाळला जातो: सुरुवातीचे, विठ्ठलाचे रूप वर्णन करणारे रूपाचे अभंग झाले की पुढे केवळ संत कवयित्रींच्याच रचना म्हणायच्या. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळाबाई, कान्होपात्रा आणि सतराव्या शतकातील बहिणाबाई यांचे अभंग एरवी गावच्या भजनात एखाददुसरेच ऐकू येत, तेही पुरुषांच्या आवाजात.

नऊ आवाज जुळायला दोन वर्षे गेली. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण झाले की चौथा चार अक्षरांतच आटोपतो, आणि तिथे सर्वांनी एकदम थांबायचे असते. आमच्यातली कोणी ना कोणी शेवटचे अक्षर हमखास लांबवीत असे. मग काकू टाळ खाली ठेवायला लावत, पेटीही बंद करत आणि तोच चरण नुसत्या तोंडाने पाच-सहा वेळा म्हणून घेत. गाभाऱ्यासमोरच्या दगडी मंडपात, वाद्यांवाचून, केवळ बायकांचे आवाज एका सुरात मिळाल्याचा तो क्षण मला अजून ऐकू येतो. ज्ञानेश्वर रुसून ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून बसले असता धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांना समजावले, ते ताटीचे अभंग आम्ही तेव्हापासून वाद्यांशिवायच म्हणतो.

सर्वांत जास्त आठवते ती सोयराबाईंच्या अभंगाची तालीम. शेवटच्या चरणात त्या चोखोबांची पत्नी म्हणून जातीसह स्वतःची ओळख सांगतात, आणि तिथे आले की आमचा आवाज आपोआप दबत असे. तिसऱ्या वर्षी काकूंनी पेटीचा भाता थांबवला. ‘‘पोरींनो, तिने स्वतः झाकून ठेवले नाही, मग आपण कोण झाकणार? मोकळ्या आवाजात म्हणा,’’ एवढेच त्या बोलल्या. त्या संध्याकाळी तो चरण आम्ही भरल्या गळ्याने म्हटला, आणि मंडपाच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी पुढे येऊन आमच्यात बसली. पुढची अनेक वर्षे ती न चुकता आली.

बाकी गोष्टी दरवर्षीच्याच: सकाळच्या काल्यातल्या उरलेल्या दहीलाह्या, कार्तिकातल्या थंडीत हाताला गार लागणारे पितळी टाळ, आणि भजन संपल्यावर कृष्णेच्या घाटावर दिवे सोडायला जाण्याची घाई.

मंडळाची अभंगांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक वर्षीची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला ‘सा’ धरून गायचे तो सूर, काकू समासात पेन्सिलीने लिहीत. पहिल्या पानांवर काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, आहे; आमची वये वाढली तशी ती काळी चारवर उतरली, आणि काकू गेल्या त्या वर्षी त्याहूनही खालची पांढरी पाच मीच लिहिली. गेल्या वर्षी आळीतल्या तीन सुना नव्याने बसू लागल्या आणि समासात पुन्हा काळी चार लिहावी लागली. आम्हा जुन्यांना वरचा षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, कष्टाने लागत होता, पण पट्टी उतरवा, असे एकीनेही म्हटले नाही.